चोवीस जणांची पलटण

२८ मिलिमीटर म्हणजे किती, माहितीये? अंगठ्याचं वरचं पेर बघा. बस्स, तेवढंच. त्या तेवढ्याशा उंचीत एका शिपायाचा चेहरा, मिशा, डगल्याची बटणं, छातीवर एकमेकांना छेदणारे दोन पट्टे, पाठीवरचं ओझं, खांद्यावरची बंदूक आणि पायातले बूट असं सगळं बसवलेलं असतं. ते सगळं तुम्ही ब्रशने रंगवायचं. आणि एकच शिपाई रंगवून भागत नाही. एकट्या शिपायाची कसली आलीय लढाई! त्याच्यासारखेच आणखी २३ लागतात, तेव्हा कुठे टेबलावर एक पलटण उभी राहते. मग दुसरी, मग तिसरी. मग समोरच्या बाजूची.

या छंदाला म्हणतात हिस्टॉरिकल वॉरगेमिंग. फंडा सिंपल आहे. सहा बाय चारचं टेबल, त्यावर हिरवं कापड, पुठ्ठ्याची घरं, दोन रंगवलेल्या फौजा, मोजायला टेप आणि नशिबाला फासे. कोणी किती इंच चालायचं, किती अंतरावरून गोळी लागते, घाबरून पळ कधी काढायचा, हे सगळं नियमांच्या पुस्तकात. कम्प्युटरवर हाच प्रकार दहा सेकंदांत लोड होतो, हे मान्य. पण इथे फौज डाउनलोड होत नाही, बॉस. ती रंगवावी लागते. आणि गंमत म्हणजे या मंडळींपैकी निम्म्यांना खेळण्यापेक्षा रंगवण्यातच जास्त रस असतो. काहींच्या फौजा तर वर्षानुवर्षं तयार होत असतात आणि लढाई एकही होत नाही!

‘म्हणजे पोरखेळच की!’ असं वाटलं असेल, तर या पोरखेळाची वंशावळ ऐकाच. याचा एक आजोबा प्रशियाच्या लष्करात होता. तिथले अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाचा सराव करायचे. खेळण्यातल्या सैनिकांचं श्रेय इंग्लंडच्या विल्यम ब्रिटनला. त्याने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतले आणि ते स्वस्त झाले. मग १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक आलं. लेखक कोण? ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स! स्प्रिंगची तोफ घेऊन हा थोर लेखक घराच्या फरशीवर ओणवा होऊन लढाया करायचा. त्याचं म्हणणं असं, की खऱ्या युद्धापेक्षा हे खोटं युद्ध शंभर पटींनी बरं. त्याच्या पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. आजच्या वॉरगेमिंगचं रूप ठरलं ते १९६२ नंतर, डोनाल्ड फेदरस्टोनच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकामुळे. हा गृहस्थ पेशाने फिजिओथेरपिस्ट, साउदॅम्प्टनच्या फुटबॉल टीमचा. दिवसा खेळाडूंचे गुडघे, रात्री नेपोलियन.

आज या धंद्याची राजधानी नॉटिंगहॅम. रॉबिन हूडचं गाव. छोटे शिपाई बनवणाऱ्या इतक्या कंपन्या तिथे एकवटल्यात, की त्या पट्ट्याला गमतीने ‘लेड बेल्ट’ म्हणतात. आता शिसं बरंच मागे पडलंय. पांढरा धातू किंवा कडक प्लॅस्टिक वापरतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे भाऊ इथलेच. नुसत्या नावावर त्यांचे पुतळे विकले जातात. त्यातल्या मायकेलचा उजवा हात १९९६ मध्ये फ्रान्समधल्या क्रेसी इथे, एका जुन्या लढाईच्या प्रयोगात तोफेच्या अपघातात गेला. पुतळे कोरणारा उजवखोरा माणूस! त्याने डाव्या हाताने कोरायला नव्याने शिकून घेतलं आणि आजही कोरतोय. टेंडर दोनदा फिरवलं म्हणून आपण राजीनाम्याची भाषा करतो, ते आठवून जरा बरं वाटत नाही ना? असो.

तर रंगकाम. आमच्या ग्रुपमध्ये एक आयटीवाला आहे, त्याला आम्ही ‘सुभेदार’ म्हणतो. दिवसभर दुसऱ्यांचा कोड सुधारतो आणि रात्री साडेदहानंतर टेबललॅम्प लावून शिपाई रंगवतो. त्याच्या शेजारी बसून मी जे बघितलं, ते सांगतो.

पहिला आठवडा रंगाचा थेंबही नाही. साच्यातून निघालेल्या पुतळ्याच्या कडेने एक बारीक रेघ आलेली असते. ती कानशीने नाही तर ब्लेडने खरवडायची. मग साबणाच्या पाण्याने आंघोळ, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग हे वीर आइस्क्रीमच्या काड्यांवर गोंदाने चिकटवायचे, एका काडीवर चार-पाच, म्हणजे रंगवताना बोट लागत नाही. मग प्रायमरचा स्प्रे. इथे मुंबईकरांना खास सूचना: जुलैमध्ये गॅलरीत स्प्रे मारायला जाऊ नका. दमट हवेत प्रायमर खरखरीत बसतो आणि वार्निश पांढरट धुरकट होतं. सुभेदार जूनच्या आधी दोन-तीन पलटणी एकदम प्रायमर मारून ठेवतो. लोणच्यासारखं. पावसाळ्याची बेगमी!

पुढे खरी युक्ती. एक शिपाई पूर्ण करून दुसरा घ्यायचा, हा नवख्यांचा रस्ता, आणि त्या रस्त्याने गेलेला माणूस नवव्या शिपायापाशी छंद सोडतो. जाणकार कारखाना लावतात. सगळ्या चोवीस जणांची आधी त्वचा. मग सगळ्यांचे डगले. मग सगळ्यांच्या विजारी. मग पट्टे, मग बंदुका. आतून बाहेर, म्हणजे माणूस ज्या क्रमाने कपडे घालतो त्या क्रमाने. एका वेळी एकच रंग, एकच ब्रश, एकच हालचाल. पहिल्या पाच शिपायांपर्यंत कंटाळा येतो, दहाव्यापर्यंत चीड येते आणि पंधराव्याच्या आसपास कधीतरी डोकं गप्प होतं. सुभेदाराच्या मते रोजच्या तासाभरातला खरा नफा एवढाच. मेडिटेशनच्या शिबिराला पैसे भरून त्याला हे मिळालं नव्हतं, असं तो सांगतो.

सपाट रंग झाले की पुतळे दिसतात सर्कशीतल्या विदूषकासारखे. इथेच पुष्कळ जण कल्टी मारतात. पण लगेच पुढची पायरी चमत्काराची. पातळ केलेला गडद रंग सगळ्या अंगावरून फिरवायचा. तो चुण्यांमध्ये, बोटांच्या फटींत, पट्ट्यांच्या कडेला जाऊन साचतो, आणि आपोआप सावली पडते. ते वाळलं की उंच भागांवर, म्हणजे नाक, गाल, कोपर, गुडघे, तिथे मूळ रंगाची उजळ छटा. संपलं. डोळे? डोळे रंगवायच्या भानगडीत पडायचं नाही. फौजेचा नियम आहे तीन फुटांचा: तीन फुटांवरून बघितल्यावर चांगली दिसली पाहिजे. तेवढ्या अंतरावरून इतक्याशा चेहऱ्यातले डोळे कुठे कळतात? डोळे काढलेले शिपाई भूत बघितल्यासारखे दिसतात.

सामानाचे नखरे तर विचारूच नका. ब्रश म्हणे विन्झर अँड न्यूटनचा ‘सिरीज सेव्हन’च हवा. कोलिन्स्की मुंगसाच्या... म्हणजे मुंगसासारखा दिसणारा सायबेरियातला प्राणी, त्याच्या शेपटीच्या केसांचा. १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी ही सिरीज पहिल्यांदा बनली. सुभेदाराकडे असे दोन आहेत आणि ते तो टूथब्रशपेक्षा जपतो. पण निम्मं काम तो स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या ब्रशनेच करतो, हेही मी बघितलंय. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग काढले, एकाच हातात रंगही आणि सावलीही. जुने खोंड नाकं मुरडतात. माझं मत? नोकरी करणाऱ्याने वापरावेत. फौज पूर्ण झालेली बरी की कलाकृती अर्धी राहिलेली बरी?

कारण या छंदाचा खरा शत्रू समोरच्या टेबलावर नसतो, तो कपाटात असतो. विकत घेतलेले आणि न रंगवलेले शिपाई. इंग्लंडात याला ‘शिशाचा डोंगर’ म्हणतात. प्रत्येकाकडे असतो. आपल्याकडे न वाचलेल्या पुस्तकांचा असतो ना, तसाच.

आता थोडं इतिहासात शिरू, कारण कोणाला रंगवायचं हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

लंडनमध्ये चेल्सीला नॅशनल आर्मी म्युझियम आहे. तिथे वॉटर्लूच्या रणांगणाचं एक अवाढव्य मॉडेल आहे, विल्यम सिबॉर्न नावाच्या अधिकाऱ्याने केलेलं. १८३० मध्ये त्याच्याकडे हे काम आलं. पठ्ठ्या आठ महिने तिथल्या एका शेतघरात राहिला, जमीन मोजली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून ‘संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती?’ असं विचारलं आणि सत्तर हजारांहून जास्त चिमुकले सैनिक उभे केले. १८३८ मध्ये ते लोकांसमोर आलं. कौतुक झालं, पण एक घोळ झाला. सिबॉर्नच्या हिशेबाने सात वाजता मैदानावर प्रशियाची प्रचंड फौज पोहोचलेली होती, म्हणून त्याने ती तशी दाखवली. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचलं नाही. विजयात वाटेकरी दिसत होते ना! शेवटी सिबॉर्नने मॉडेलमधले पुष्कळसे प्रशियन काढून टाकले. म्हणजे टिनचे एक सेंटिमीटरचे शिपाई, पण कुठे किती उभे करायचे यावरून ड्यूकची झोप उडू शकते.

हाच वेलिंग्टन, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी आपल्याकडे होता. म्हातारपणी कोणीतरी विचारलं, की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली? त्याने वॉटर्लू नाही सांगितलं. म्हणाला, असई. आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनच्या पुढचं असई. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची फौज भिडली. म्हणूनच ब्रिटिश वॉरगेमर्सच्या टेबलावर ही लढाई पुनःपुन्हा मांडली जाते. आपल्याकडे ती शाळेच्या पुस्तकात दीड ओळीत उरकते.

सुभेदाराने तीच घेतलीय. आणि इथे त्याची पंचाईत झाली.

मराठ्यांची फौज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? घोडा, भाला, भगवा, धुरळा. कॅलेंडरवरचं चित्र. फार तर पानिपतामुळे इब्राहिमखान गारदी माहीत असतो. असईला शिंद्यांचे आणि भोसल्यांचे घोडेस्वार तीसेक हजार तरी होते, पण लढाईत त्यांनी फारसं काही केलं नाही. भार पेलला तो पायदळाने आणि गोलंदाजांनी. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभारायला सुरुवात केली, त्या परंपरेतले हे लोक. असईला अशा १७ पलटणी: पोलमन या जर्मनाकडे आठ, बेगम समरूने पाठवलेल्या पाच सालूर नावाच्या फ्रेंचाकडे, ड्यूपाँ या डचाकडे चार. सगळे मिळून दहा हजारांच्या वर. आणि तोफा. वेलस्लीच्या सुमारे दीड हजार माणसांचा मुडदा किंवा जायबंदी हिशेब त्या दुपारी लागला, तो मुख्यतः या तोफांमुळे. त्यांची ७४वी हायलँडर पलटण तर जवळपास संपलीच. आपले काही गोलंदाज तोफांशेजारी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी तोफा उलट्या फिरवून पाठीत गोळे घातले. पुन्हा येऊन त्यांना मारावं लागलं. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

या माणसांची नावं कुठेही नाहीत. सेनापतींची आहेत, घोड्यांचीसुद्धा आहेत. वेलस्लीचा ‘डायोमेड’ नावाचा घोडा त्या दिवशी भाल्याने जखमी झाला, हे नोंदलेलं आहे!

तर हिशेब करा. १७ पलटणी गुणिले २४, म्हणजे ४०८ शिपाई. एका शिपायाला पाऊण तास धरला तरी ३०६ तास. रोज रात्री एक तास, एकही दिवस न चुकता, म्हणजे दहा महिने. या सगळ्यात घोडेस्वार धरलेला नाही, तोफ धरलेली नाही, आणि इंग्रजांची बाजूही नाही. इंग्लंडातले लोक काय करतात? हायलँडर आधी रंगवतात. साहजिक आहे, ते त्यांचे. नंतर मद्रासी शिपायांच्या पलटणी. शिंद्यांचं पायदळ शेवटी, जमलं तर. सुभेदाराने ठरवलं, आपण उलटं करायचं. आधी पोलमनच्या आठ.

आणि मग लाल रंगाची बाटली उघडली.

कारण शिंद्यांच्या कवायती पलटणींचे डगलेही लालच होते. कंपनीच्या शिपायांसारखे. कवायत तीच, बंदूक तीच, रंग तोच. वेलस्लीकडे गोऱ्यांच्या पायदळ पलटणी दोनच, ७४वी आणि ७८वी. बाकीच्या पाच मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीच्या. म्हणजे त्या मैदानाच्या मोठ्या भागात लाल डगल्यातली सावळी माणसं लाल डगल्यातल्या सावळ्या माणसांवर गोळ्या झाडत होती. शिंद्यांचे तेलंगे म्हणवणारे हे शिपाई होते तरी कुठले? बरेचसे अवधचे, दुआबातले. मराठी किती असतील ते मोजायला फार बोटं लागू नयेत.

हे वाचून कळतं, पण रंगवताना भिडतं. लाल हा आधीच खोडील रंग. काळ्या प्रायमरवर मारला तर मळकट होतो, म्हणून खाली तपकिरी हात द्यायचा. उजळ करायला पांढरा मिसळला की गुलाबी होतो, म्हणून नारिंगी मिसळायचा. आणि चेहरे! बऱ्याच कंपन्यांच्या ‘फ्लेश’ लिहिलेल्या बाटलीतून गोऱ्या साहेबाचा गुलाबी कातडीचा रंग निघतो. सुभेदाराने तीन तपकिरी बाटल्या मिसळून आपल्या रंगाचं माणूस तयार केलं आणि बघायला म्हणून स्वतःच्या मनगटाशेजारी ठेवलं. मग त्याच मिश्रणाने शिंद्यांची पलटण, आणि त्याच मिश्रणाने कंपनीची. फरक राहिला तो डोक्यावरच्या पागोट्यात आणि निशाणात.

एका रविवारी त्याची आई चहा घेऊन आली. दोन्ही पलटणी टेबलावर समोरासमोर उभ्या होत्या, निशाणं अजून लागायची होती. तिने चष्मा सावरून बराच वेळ बघितलं.

‘‘यातले आपले कुठले रे?’’

‘‘हे डावीकडचे, आई.’’

‘‘आणि उजवीकडचे?’’

‘‘तेही तसे...’’ तो घुटमळला. ‘‘ते कंपनीचे. मद्रासकडचे.’’

‘‘दिसतात तर सारखेच,’’ ती म्हणाली. मग एका गोलंदाजाला अलगद उचलून तिने विचारलं, ‘‘आणि हा कोण?’’ तो म्हणाला, त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. ‘‘मग याला तरी नीट रंगव,’’ असं म्हणून तिने तो होता तिथे ठेवला. त्या गोलंदाजाचे मात्र सुभेदाराने डोळे काढलेत. तीन फुटांचा नियम मोडून!

राहता राहिली जमीन. पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून वाळू पसरतात, रंगवतात, वर बनावट गवताचे पुंजके. पाकिटातलं गवत इंग्लंडच्या कुरणासारखं पोपटी हिरवं असतं. ते मराठवाड्यात चालणार नाही. सुभेदार गेल्या हिवाळ्यात असईला जाऊन आला तेव्हा शेतमालकाला विचारून त्याने पिशवीभर काळी माती आणली. ती तव्यावर भाजली, चहाच्या गाळणीने चाळली (गाळणी नवी आणावी लागली, ती गोष्ट वेगळी) आणि तीच वापरतोय. ओली असताना ती जास्तच काळी दिसते, वाळली की राखाडी पडते, म्हणून वरून पातळ तपकिरी हात द्यावा लागतो.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर सुरुवात एका पलटणीने करा. प्लॅस्टिकचा एक डबा, आठ-नऊ रंग, दोन ब्रश. चोवीस शिपाई पूर्ण होईपर्यंत दुसरा डबा विकत घ्यायचा नाही, ही अट. सुभेदाराच्या तीन पलटणी झाल्यात. चौथी काड्यांवर उभी आहे, डगले झालेत, पागोटी व्हायचीत. वार्निश अर्थातच पाऊस थांबल्यावर.